एसटीची पायरी

बार्शीच्या लग्नाला घरटी एक माणूस पुरे, असं माझ्या नवऱ्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. तो एक माणूस म्हणजे अर्थात तो. अक्षता टाकायच्या, जेवायचं, मिळेल त्या गाडीनं कोपरखैरण्याला परत. लग्न त्याच्या मामाच्या नातीचं, म्हणजे सासूबाईंच्या माहेरचं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. त्या आपणहूनच म्हणाल्या, "तुम्ही जावा. माझ्या गुडघ्यांना झेपायचं न्हाई." आणि कोथिंबीर निवडायला बसल्या.

मला ते काही पटेना. बार्शीचे मामा ब्याऐंशीचे. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे तीन वर्षं भावाबहिणीचं धड बोलणं झालेलं नव्हतं. समोर बसून मोठ्यानं बोललं तरच त्यांना कळतं, आणि त्यासाठी बार्शीला जावंच लागतं. मी म्हटलं, आईंना न्यायचं म्हणजे न्यायचं. नवरा म्हणाला, "खर्चाचं तूच बघ मग." बघते की, त्यात काय.

लग्नसराईत रेल्वेचं वेटिंग मारुतीच्या शेपटासारखं वाढलेलं. भाड्याच्या गाडीवाल्यानं आकडा सांगितला तो ऐकून मी फोनच ठेवला. नणंदेच्या गाडीत आधीच सात जण कोंबलेले. राहता राहिली एसटी. तिथे बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. म्हणजे सासूबाई फुकट, मी अर्ध्यात, पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याला. घरातलं सगळ्यात महागडं माणूस तेच निघालं, मग त्यालाच घरी ठेवायचं ठरलं. नाहीतरी तुर्भ्याच्या कंपनीत रजेची मारामारच असते. त्याचं तोंड जरा उतरलं, पण डाळीला किती शिट्ट्या करायच्या ते मुकाट्यानं विचारून घेतलं.

एवढी सगळी जुळवाजुळव करून मी सासूबाईंना सांगायला गेले, तर म्हणतात, "बघू." माझं डोकंच फिरलं. मी इथे जिवाचं रान करतेय आणि ह्यांचं आपलं बघू.

दोन दिवसांनी भाजी घेऊन आले तर जिन्यात कुणीतरी धापा टाकतंय. बघते तर सासूबाई. कठडा घट्ट धरून, मधली पायरी सोडून एकदम दुसरीवर पाय टाकायला बघत होत्या. पाय वर जाई, अर्ध्यात थांबे, परत खाली येई.

"आई, हे काय चाललंय? पडला असता म्हणजे?"

"अगं, गाडीची पायरी उंच असती," त्या ओशाळून म्हणाल्या. "तिथं जमलं न्हाई तर माणसं खोळंबतील. म्हणून आधी बघते म्हटलं."

दोन दिवसांपूर्वीचा माझा राग कुठच्या कुठे गेला. रडूच यायला लागलं, म्हणून मी त्यांना आणखी दोन शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी मी वाशीच्या हायवेवर गेले. एक एसटी थांबली तशी खाली वाकले आणि पायरीची उंची वितीनं मोजली. दोन विती आणि वर चार बोटं. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढायचंय की मोजायचंय?" मी म्हटलं, "आज मोजायचंय, पुढच्या शुक्रवारी चढायचंय." तेवढ्याच उंचीचं एक स्टूल घरात होतं. ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि रोज संध्याकाळी सराव सुरू केला. चांगला डावा पाय आधी वर, मग दांड्याऐवजी खिडकीचा गज धरून दुखरा उजवा ओढून घ्यायचा. पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. आठव्या दिवशी सहा वेळा जमलं आणि बाईसाहेबांनी चहात साखर जास्त मागितली.

शुक्रवारी सकाळी गाडी आली ती नेमकी फुटपाथपासून लांब उभी राहिली. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. डावा पाय वर गेला. उजवा मधेच अडकला, मागून कुणीतरी "चला आजी" म्हणालं. आणि त्या वर होत्या. मी दोन पिशव्या आणि धपाट्यांचा डबा सांभाळत मागून चढले. मला मात्र चढताना दोनदा पाय परत खाली टेकवावा लागला.

बार्शीच्या स्टँडवर मामा बाकावर बसले होते. बहीण येणार म्हणून जेवणही न करता आले होते. धोतर सावरत उठले आणि दोघांनी एकमेकांचे हात धरले. मग मामांनी विचारलं, "कुणी आणलं गं तुला?"

तीन आठवडे राबलेली मी पिशव्या घेऊन मागेच उभी. म्हटलं, आता माझं नाव निघणार.

सासूबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कुणी न्हाई. माझी मी आले."