गाडीला सील आली

आमच्या घराला चाकं होती. अप्पा रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर होते. लढाईनंतर लिलावात निघालेली एक लष्करी लॉरी खात्यानं घेतली, तिच्या पाठीवर फळ्यांची खोली उभी केली आणि वर पत्रा ठोकला. जिथे रस्त्याचं काम, तिथे ही खोली. आत दोन्ही बाजूंना झोपायला एकेक फळी, मागच्या कोपऱ्यात स्टोव्ह, मधे अप्पांचं अंथरूण पसरण्याएवढी जागा. लोक तिला डबा म्हणायचे. त्या पावसाळ्यात काम खटकचिंचोळीजवळ होतं आणि आम्ही तिघं डब्यात राहत होतो.

तिघं एकत्र असण्याची ती पहिलीच वेळ. मी लहानपणापासून सिकंदराबादेत इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात, अव्वा म्हणजे माझी आई उदगीरला मामाकडे, अप्पा रस्त्यावर. शाळा संपली म्हणून मी आले, आणि मी आले म्हणून अव्वा आली. तिला दम्याचा त्रास होता. अप्पांनी आल्या आल्या सांगून ठेवलं, "छाती भरून आली तर पोळ्याच्या आधी दोघी उदगीरला. इथं डाक्टर न्हाई."

अव्वा नुसती मान हलवून भांडी लावत राहिली.  तेव्हापासून माझा एक कान तिच्या छातीकडे असायचा.

पावसाची झड लागली आणि डब्यात ओल शिरली. मिठाचं पाणी झालं. पापड वातड झाले. माझ्या शाळेच्या बुटांवर हिरवट लव उगवली. काडेपेटी ओढून ओढून गुलाचा चिखल व्हायचा, तरी काडी पेटायची नाही. वाळत घातलेली लुगडी दोरीवर तशीच लोंबत राहायची आणि येता-जाता तोंडावर ओला पदर बसायचा. मला त्या वासाचीही चीड यायची. कुजक्या गोणपाटासारखा वास, केसांना, उशीला, भाकरीला.

शेवटी अप्पांनी ड्रायव्हरचाचांना गाडी घेऊन बीदरच्या वर्कशॉपला पाठवलं. आम्ही तेवढ्यापुरते गावातल्या चावडीत राहिलो. निघताना अप्पांनी निरोप दिला तो मी ऐकला होता. "मिस्त्रीला म्हणावं, गाडीला सील आलीय. तेवढं बघा."

आमच्याकडे सील म्हणजे ओल. भिंतीला सील येते, धान्याला सील लागते. अप्पा उर्दूत शिकलेले, त्यांच्या कचेरीचं सगळं काम कालपरवापर्यंत उर्दूतच चालायचं. त्यांना दुसरा शब्द सुचणार कसा? पण निजामी जाऊन कचेऱ्यांत इंग्रजीचं वारं शिरलं होतं, आणि मिस्त्री तर बोलारमच्या छावणीत गोऱ्या साहेबांच्या हाताखाली घडलेला. त्याच्या कानाला सील एकच.

गाडी परत आली तेव्हा चाचा टोपी मागं सारून उतरले. "साब, मिस्त्री बोला, पूरा सील कर दिया. अब पानी का बाप बी अंदर नै आता!"

खरंच येत नव्हता. फळ्यांच्या फटींत डांबर भरलं होतं. पत्र्याखालची वाऱ्याची जाळी फळी ठोकून बंद केली होती. एकुलत्या एका खिडकीवर कॅनव्हास खिळ्यांनी बसवला होता. दार ओढलं की कानात दडा बसायचा.

मला घोटाळा तिथेच उमगला. मी म्हणाले, "अप्पा, त्यानं इंग्रजी सील केलंय." नेहमीसारखं इतकं हळू की ते मलाच ऐकू आलं. अप्पा फटीवरून बोट फिरवत खुशीत होते. "बघ, एक थेंब यायचा न्हाई आता."

बाहेरून आला नाही. आतून आला. स्टोव्हवर डाळ शिजायची, आम्ही तिघं श्वास घ्यायचो, आणि सकाळी पत्रा घामेजलेला असायचा. थेंब जमायचे, लोंबायचे, आणि नेमके गालावर पडायचे. त्यात रॉकेलचा धूर. अव्वा स्वयंपाक करताना दाराशी जाऊन उभी राहायची, छातीवर हात ठेवून. मी विचारलं की म्हणायची, "कांदा डोळ्याला लागला." परातीत कांदा नसायचा.

मी जमेल ते केलं. पत्रा फडक्यानं पुसला. वाडग्यात चुन्याची कळी ठेवली, ती फुटून पीठ झाली. ओल ओढायला कोपऱ्यात कोळसे ठेवले. चाचांनी सुचवलं म्हणून निंबाच्या पाल्याचा धूर केला, त्यानं अव्वाला असा खोकला लागला की मीच पळत दार उघडलं. अप्पा आत येऊन दार ओढून घेत. "झड आत यायलीय, दिसत न्हाई का? कामून उघडलीस?"

"हे आपल्या श्वासाचं पाणी आहे अप्पा."

"श्वासानं छत भिजतंय व्हय? एवढी फी भरून हेच शिकलीस?"

दार बंद ठेवण्यात त्यांचा आणखी एक स्वार्थ होता. अप्पा सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करायचे. पूर्वी फटींतल्या वाऱ्यानं दिवा विझायचा, आता वात जागची हलत नव्हती. त्यात ते ऊद जाळायचे. त्या वेळी अव्वा पदर नाकाला लावून भिंतीकडे तोंड करून बसायची. तिच्या श्वासाला आता शीळ येत होती. पोळा जवळ आला होता आणि अप्पा जेवताना उदगीरच्या सर्व्हिस मोटारीचा विषय काढू लागले होते.

एका सकाळी ते डाव्या तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसले होते. पत्र्यावरचा एक मोठा थेंब निसटला तो थेट तळहातावर. दुसरा दिव्यात पडला. चर्र आवाज झाला, दिवा गेला. विभूतीचा चिखल बोटांतून ओघळला.

अप्पांनी डोळे उघडले, वर पाहिलं. "पाणी कुठनं आलं? गाडी तर सील हाय!"

अव्वा भिंतीकडूनच म्हणाली, "सील हाय म्हणूनच की."

तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. अप्पा तिच्याकडे वळले. "म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? ओल घालवायला धाडलात आन् कोंडून आणलात. देवाला आंघोळ झाली, आता मला..." पुढचं खोकल्यात गेलं. ती दोन्ही हात फळीवर टेकून वाकली. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता.

मी दार उघडून इतक्या मोठ्यानं ओरडले की चाचा हातातला चहा सांडून धावत आले. "चाचा, छिन्नी आणा! हातोडा आणा!"

"सरकारी गाडी हाय ती," अप्पा म्हणाले. पण हळू म्हणाले. मग ओल्या हातातलं लिंग चौकात, त्याच्या चांदीच्या डबीत, ठेवून त्यांनी चौक गळ्यात घातला, आणि चाचांच्या हातातून हातोडा स्वतःच घेतला.

जाळीवरची फळी तिसऱ्या घावाला निघाली. कॅनव्हास चाचांनी फाडला. थंड वारा आत आला, बरोबर झडीचं पाणीही. अव्वा दारात पायऱ्यांवर बसून राहिली. डाळ दुपारी अप्पांनीच बाहेर ताडपत्रीखाली शिजवली, कच्ची राहिली. संध्याकाळपर्यंत तिच्या श्वासातली शीळ बारीक झाली होती.

पोळा गेला. उदगीरचा विषय कुणी काढला नाही.

मीठ पुन्हा पाझरू लागलं, बुटांवर पुन्हा लव आली. जाळी नेमकी माझ्या झोपायच्या फळीच्या वर होती, पावसाळाभर माझी चादर पायथ्याशी ओली असायची. अप्पा रोज विचारायचे, "पाणी लागतंय का गं?" मी न्हाई म्हणायचे आणि पाय पोटाशी घ्यायचे.