भर उन्हात दिवे लावून: जुन्या फियाटने उल्हासनगर ते बदलापूर

व्याह्यांची फियाट बदलापूरला, त्यांच्या मांजर्लीत आलेल्या पुरात बुडाली होती. ती दुरुस्त करून आणण्याचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. त्यांच्याच घरी जेवताना बोलून गेलो, "वामनराव, गाडी माझ्यावर सोडा. साहेबांच्या गाड्या चालवण्यात जन्म गेलाय माझा." शिक्षण सातवी, पण बोलायला पुढे. नंतर झोप लागेना. मुलीच्या सासरी दिलेला शब्द. उद्या सुजाताला कुणी वडिलांवरून बोललं तर?

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये किशनभाई मिस्त्रींनी नवं वायरिंग घातलं, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोची गुंडाळी नव्याने भरली, चार्जिंग दाखवणारा मीटर बसवला. मग गाडी आठवडाभर अंबरनाथला, बुवापाड्यात आमच्या दारात होती. मला स्वस्थ बसवेना. बॉनेटखाली गंज दिसत होता. व्याही काय म्हणतील, म्हणून तिथले डबे खोलले, पत्रा घासला आणि राखाडी ऑइलपेंट मारून सगळं परत बसवलं.

रविवारी सीटकव्हर घालायला गाडी पुन्हा कॅम्प तीनला नेली, जाताना मीटरकडे लक्ष दिलं नाही. वामनराव तिथेच आले. त्या बाजारात गाडी न्यायची तर सकाळी लवकर न्या. नंतर जीन्सचे गठ्ठे वाहणारे टेम्पो हलू देत नाहीत. कव्हर होईपर्यंत आम्ही दालपकवान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुरीची सिंधी न्याहारी, खाल्लं. तीस रुपयांत दोघांचं पोट भरलं.

निघालो तेव्हा मीटरचा काटा पार उजवीकडे टेकला होता.

"चार्जिंग जोरात दिसतंय," वामनराव खूश.

मीही मान डोलावली. कॅम्प पाचच्या पुढे कुजक्या अंड्यासारखा वास सुटला आणि मीटरमधला बल्ब फट्कन गेला. बॉनेट उघडलं. बॅटरीला हात लावता येईना, आत पाणी खदखदत होतं. करंट बॅटरीला झेपत नव्हता. अशा वेळी जुन्या ड्रायव्हरांचा एकच उपाय: गाडीत जे जे चालू करता येईल ते करायचं, म्हणजे जास्तीचा करंट तिकडे खर्च होतो. मी हेडलाइट लावले, वायपरही लावले. कोरड्या काचेवर ते कर्रकर्र करू लागले.

"ओ काका, लाईट! लाईट चालू है!" प्रत्येक रिक्षावाला मूठ उघडझाप करून दाखवत होता. सिग्नलला एक मोटरसायकलवाला वाकून म्हणाला, "अंकल, बारिश कब आनेवाली है?"

वामनराव कडक इस्त्रीच्या सदऱ्यात ताठ बसले होते. "व्याही, हे कुठपर्यंत?"

"घर येईपर्यंत."

"माझ्या ओळखीचे लोक राहतात हो या रस्त्याला." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या किशनने फसवलं आपल्याला."

"फसवलंच," मी म्हणालो.

बुवापाड्यात कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी तयार होती. व्याही पहिल्यांदा आमच्याकडे जेवत होते आणि मी बाहेर बॉनेटखाली. डायनॅमोला आवर घालणारा डबा असतो, त्याला कटआउट म्हणतात. तो गाडीच्या उघड्या पत्र्याला घट्ट टेकावा लागतो, नाहीतर त्याला अर्थिंग मिळत नाही आणि तो आवर घालत नाही. मी तो खोलला. खाली माझा राखाडी रंग चकचकत होता.

ब्लेडने रंग खरवडला, डबा आवळला, इंजिन चालू केलं. काटा मधे आला. वामनराव हात पुसत बाहेर आले.

"केलंत? वा! मिस्त्रीला जमलं नाही ते व्याह्यांनी केलं!"

मी हसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

अंबरनाथ सोडल्यावर रस्ता मोकळा आहे, उजवीकडे डोंगर सोबत येतात. वायपर बंद, दिवे बंद, वामनराव गुणगुणत होते. मला डोंगर दिसले नाहीत.

मांजर्लीत शेजारपाजारचे जमले. वामनराव एकेकाला सांगत होते. सुजाता जावेला म्हणाली, "बघितलंत ना ताई? माझ्या बाबांनी रस्त्यात नीट केली." इतकी खुललेली मी तिला त्या घरात पाहिली नव्हती. वामनरावांनी मोबाइल काढला. "थांबा, आता किशनला झाडतो. उद्या त्याच्या दुकानासमोर माणसं गोळा करतो."

"नका," मी म्हणालो. "कटआउटखाली रंग मी लावला होता. त्याची चूक नाही."

जाऊ हातातल्या चहाच्या कपांकडे बघत राहिली. सुजाता आत गेली. फोन तोवर लागला होता. वामनरावांनी तो माझ्या हातात दिला. "तुम्हीच बोला."

"हां साब, गाडी पहुँच गई ना ठीक से?" किशनभाई आनंदात होते.

"मैं काका बोल रहा हूँ. पहुँच गई. आपका काम अच्छा है."

"बस, और क्या चाहिए काका!"

माफी मागायची होती, पण ज्याला काही ठाऊकच नाही त्याच्याकडे कशी मागायची? वामनराव म्हणाले, "चला, चहा घ्या." आवाज नेहमीचा होता, पण 'व्याही' म्हणाले नाहीत.

सुजाता कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. "बाबा, आधी तरी सांगायचंत. मी सगळ्यांना सांगून बसले होते ना." मी शेअर रिक्षा धरली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसा झाला प्रवास?" तिला सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगतो. रस्ता चांगला आहे, जुनी गाडीही आरामात जाते, दालपकवान चुकवू नका. वामनरावांचा परवा निरोप आला, गाडी घेऊन मला न्यायला येतो म्हणून. मी ताप आल्याचं कळवलं. दुसऱ्यांदा.