चहाला किती वेळ आहे?

बातमी आली तेव्हा मी बेंबळीत एका नव्या घराच्या स्लॅबवर उभी होते. आदल्या दिवशी ओतलेलं काँक्रीट तडकू नये म्हणून त्यावर मातीची आळी करून पाणी धरलं होतं, ते बघायला गेले होते. फोन उमरग्याहून, वहीदसरांच्या मुलाचा. "अब्बा गेले," आधी एवढंच आरिफ म्हणाला, मग बाकीचं सांगितलं. दुपारच्या नमाजनंतर ते आडवे झाले, आणि भाभी चहाला उठवायला गेल्या तर… मी फोन पर्समध्ये ठेवला. एका आळ्यातून पाणी झिरपत होतं, ते मिस्त्रीला दाखवलं आणि शिडीवरून खाली उतरले. उमरगा गाठेपर्यंत संध्याकाळ झाली. पुरुषमंडळी कब्रस्तानाकडे निघून गेली होती. मी नसीमभाभींजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, जेवून निघालात का?

वहीद पटेल हे उमरग्यातले सिव्हिल इंजिनिअर. हायवेला लागून एका औषधाच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस आहे. ट्रक गेला की खिडकीची काच थरथरते आणि बोलणारा माणूस सवयीनं मध्येच थांबतो. मी मूळची परंड्याची. पुण्यात आर्किटेक्चर शिकले, एखादं वर्ष अनुभव घ्यावा म्हणून त्यांच्याकडे आले आणि तिथंच राहिले. ते घरं बांधत, दवाखाने बांधत, एखाददुसरी शाळा. पण त्यांचं खरं लक्ष असायचं ते माणसं राहायला गेल्यावर इमारत कशी वागते याकडे. ऊन भिंतीतून किती वेळानं आत येतं, ओल कुठून चढते, वारा कुठं अडतो. याचं एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राच्या परिषदा दर हिवाळ्यात देशभर भरतात. आता तर इतक्या भरतात की पावसाळा सरेपर्यंत आमच्याकडे निमंत्रणांचा ढीग साचलेला असतो. ऑफिस लहान. दोघं बाहेर गेलो की साइटवरची कामं थांबतात. म्हणून सरांचा नियम होता, वर्षातून एकच परिषद.

ती एक कुठली, हे ठरवायची त्यांची रीत मला पहिल्या वर्षी विचित्र वाटली होती. मी नुकती शिकून आलेली, मोठ्या नावांकडे बघणारी. बंगळुरूच्या एका परिषदेचं गुळगुळीत माहितीपत्रक मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटं धरून शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं, दिवसाचं वेळापत्रक नीट बघितलं आणि आयोजकांना फोन लावला. "चहाला किती वेळ आहे?" पलीकडचा मुलगा गोंधळला असावा. जेवणाची उत्तम सोय आहे असं तो सांगत राहिला. "जेवन राहू द्या हो. चहाला किती वेळ सोडलाय, ते सांगा." उत्तर ऐकून त्यांनी माहितीपत्रक मला परत दिलं. व्यासपीठावरचा माणूस आपल्याला जे माहीत आहे तेच सांगतो, जे माहीत नाही ते चहाच्या वेळी बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जिथं चहा उभ्याउभ्या उरकायचा असेल तिथं आपण फक्त ऐकायला जातो, आणि ऐकायचं ते घरी बसून वाचता येतं. वाचायचं काम अर्थात माझ्याकडे. म्हणून ते मला मॅडमऐवजी कधीकधी "लायब्ररी" म्हणत.

नसीमभाभींची परीक्षा वेगळी. परिषदेत जी कापडी पिशवी मिळते तिच्यावरून त्या परिषदेची लायकी ठरवत. नागपूरची पिशवी चांगली, अजून भाजीला चालते. पुण्याची पहिल्या धुण्यात गेली. "हे जातात शिकायला, पिशव्या धुते मी," असं त्या माझ्यासमोर म्हणायच्या. सरही मान हलवून कबूल करायचे की जिथं पिशवी सगळ्यात भारी, तिथं बोलणारे निम्मे लोक रंग आणि काच विकायला आलेले असतात.

पण चहाच्याही आधी एक गोष्ट असायची. मे महिन्यात, ऊन सगळ्यात कडक असताना, आम्ही बांधलेल्या घरांची फेरी करायचो. भर दुपारी. बोलावलेलं नसताना. जाऊन बसायचं, पाणी प्यायचं, घरातली माणसं काय सांगतात ते ऐकायचं. कुणाची भिंत घामेजते, कुणाच्या स्वयंपाकघरात धूर कोंडतो, कुणी नुसतं सुनेबद्दल बोलतं. त्यातून वर्षाचा एक प्रश्न ठरायचा. तो प्रश्न कुणाला विचारता येईल, हे बघून हिवाळ्यातली परिषद निवडायची. "प्रश्न नसला तर जायचं कशाला? हवापालट करायला तुळजापूर हाय की," ते म्हणत.

एका मे महिन्यात आम्ही भूकंपानंतर वसलेल्या एका गावात काशीबाईंच्या घरी बसलो होतो. जुन्या गावात त्यांचं घर दगडमातीचं होतं, जाड भिंतींचं, वर मातीचं माळवद. भूकंपाच्या पहाटे ते घर बसलं आणि त्यात त्यांची दोन माणसं गेली. नवं घर काँक्रीटचं, मजबूत, आणि उन्हाळ्यात भट्टीसारखं तापणारं. काशीबाई गच्चीवर झोपत. उन्हाळ्यातच नाही, बारा महिने. का, तर खाली उकडतं. सरांनी तो प्रश्न उचलला. त्या हिवाळ्यात आम्ही गुजरातेतल्या एका परिषदेला गेलो आणि तिथल्या चहात आम्हाला उत्तर मिळालं… छतावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवायचे, म्हणजे ऊन परत फिरतं. परत आल्यावर सरांनी स्वतः उभं राहून काशीबाईंच्या गच्चीवर ते काम करून घेतलं. पुढच्या मे महिन्यात खोलीत थर्मामीटर लावून बसलो. खोली खरंच गार झाली होती. सर इतके खूश झालेले मी क्वचितच पाहिले. पावसाळ्यात मी त्या छतावर निबंध लिहिला, दोघांच्या नावानं दिल्लीच्या एका मोठ्या परिषदेला पाठवला आणि तो स्वीकारला गेला. माझं नाव पहिल्यांदाच कुठं छापून येणार होतं. काशीबाई आता खाली झोपत असतील असं आम्ही धरून चाललो. विचारायला कुणी गेलं नाही.

दिवाळीच्या सुमारास त्या गच्चीवरून पडल्या. पहाटेचं दव, गुळगुळीत टाइल्स. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही उमरग्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांची सून सुमन दारातच उभी होती. "खाली उतरवायचं हुतं न्हवं आत्याबाईस्नी? उतरवलं की सायबांनी," ती म्हणाली. सर आत जाऊन कॉटशेजारी स्टुलावर बसले आणि विचारलं, "मावशी, खोली गार झाली होती ना? मग वर कशाला झोपत होता?"

काशीबाई छताकडे बघत होत्या. दवाखान्याच्या छताकडे. "उकाड्याचं म्हनत हुते मी," त्या म्हणाल्या. "भ्या वाटतंय असं किती वर्सं सांगायचं? लोकं हसत्यात."

दुसऱ्या दिवशी सरांनी मिस्त्री पाठवून त्या गच्चीवर खरबरीत थर द्यायला लावला. त्यानंतर दिल्लीला फोन केला. ते सगळं बोलणं मी समोर बसून ऐकलं. या छताखाली खोली किती गार झाली ते सांगू, पण या छतावरून एक बाई पडली आणि ती तिथं का झोपत होती तेही सांगू, असं ते म्हणत होते. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. हे सत्र उष्णतेवर आहे, वेळ थोडा आहे, पडण्याचा विषय यात बसत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. चहाची वेळ सरांनी विचारलीच नाही.

नेमकी त्याच दिवसांत हैदराबादला एका कॉलेजात छोटी परिषद होती. भूकंप-पुरानंतर बांधलेल्या घरांत माणसं कशी राहतात, असा काहीतरी विषय. तिथले निबंध कुठं छापले जाणार नव्हते. तिचं माहितीपत्रक म्हणजे झेरॉक्सचा एक कागद. मी सरांना म्हणाले की दिल्लीला जाऊ. खोली गार झाली हे खोटं नाही. ते सांगण्यात चूक काय?

"खोटं न्हायच मॅडम. पन दिल्लीत लोक टाळ्या वाजवतील. आपला प्रश्न कुणाला विचारायचा?" मग म्हणाले, "तुम्ही जा. माझं नाव काढा आणि जा. तुमचं काम हाय ते."

त्यानंतर काही दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते रोज माझ्या टेबलावर चहा पाठवायचे, मी तो गार होऊ द्यायची. माझं नाव छापून येण्याला माझ्या लेखी किंमत होती, आजही आहे. दिल्लीला मात्र मी गेले नाही. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. हैदराबादच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी सगळा रस्ता पुस्तक वाचत होते, आणि सर शेजारी बसून शेंगा सोलून माझ्या पुस्तकाच्या कडेला ठेवत होते.

तिथं सभागृह अर्धंही भरलेलं नव्हतं. पिशवी नव्हती. गळ्यात घालायला सुतळीला बांधलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर नाव पेननं लिहिलेलं. चहाचं भांडं उशिरा आलं, त्यामुळं चहा तासभर चालला. त्या तासात सरांनी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारला… घर मजबूत आहे, गारही आहे, पण माणूस त्याच्या छताखाली झोपत नाही, तर काय करायचं? बहुतेकांनी समजूत घाला असं सांगितलं. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून आलेल्या एक इंजिनिअर बाई मात्र बिस्किट हातात तसंच धरून ऐकत राहिल्या. त्यांनी उलट विचारलं, काशीबाई दार बंद करून झोपतात का? पडल्यापडल्या त्यांना आकाश दिसतं का? या बाईंच्या स्वतःच्या आईनं भूकंपानंतर दाराची कडी कधी लावू दिली नव्हती. शेवटी त्यांनी दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवलं होतं, म्हणजे आत काही पडलं तरी ते अडणार नाही, आणि खाट दाराशी आणली होती. एवढंच.

जानेवारीत आम्ही काशीबाईंचं दार फिरवून घेतलं. बिजागऱ्या बदलल्या, चौकट दुरुस्त केली, खाटेची जागा उंबऱ्यालगत केली. सरांना तेव्हाच दम लागत होता. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ते सुताराला सूचना देत होते. काशीबाई काठी टेकून लांब उभ्या होत्या. गच्ची आता त्यांना चढता येत नव्हती, अंगणात झोपत होत्या. काम झाल्यावर सरांनी विचारलं, झोपाल का आत? त्या "बघू" म्हणाल्या. सुमननं सरांना चहा दिला, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

मार्च सरता सरता सर गेले. पुढं काय झालं ते त्यांना कळलं नाही.

या मे महिन्यात फेरीला मी एकटी गेले. आरिफ येतो म्हणाला होता, पण तो बँकेत नोकरी करतो आणि त्याला घरांमधलं काही कळत नाही, हे तो स्वतःच सांगतो. काशीबाईंच्या घरी पोचले तेव्हा भर दुपार होती. दार बाहेर सताड उघडं होतं. खाटेवर काशीबाई झोपल्या होत्या. डोकं आत, छाती आत, आणि पाय उंबऱ्याच्या बाहेर, अंगणातल्या उन्हापासून वीतभर अलीकडे. मी तशीच थांबले. सुमननं खुणेनं मला बसायला सांगितलं आणि हळूच म्हणाली, "रातचंबी असंच."

जाग आल्यावर काशीबाईंनी माझ्या मागं बघितलं आणि सायेब कुठायत म्हणून विचारलं. बातमी त्यांच्यापर्यंत गेलेली नव्हती. मी सांगितलं. त्या उठून बसल्या आणि पदर सावरला. मग म्हणाल्या, "दार बाहीर उघडायचं म्हनले तवाच म्या वळखलं. ह्यास्नी कुनीतरी भ्यालेल्या मानसानं सांगितलंय." नंतर पाणी मागवलं, मला दिलं, आणि नेहमीसारखी तक्रार सुरू केली. पाऊस लागला की पाणी थेट खाटेवर येणार. सुमन म्हणते दार लावा. "दार म्या लावनार न्हाय. कितीबी पाऊस यू दे. त्याचं काय करायचं, ते तुमी बघा."

मी बघते म्हणाले.

ऑफिसात सरांची खुर्ची आहे तिथंच आहे. तिच्यामागच्या खिळ्याला हैदराबादचं सुतळीचं कार्ड लटकलेलं आहे. ट्रक गेला की तेही जरासं हलतं. यंदा परिषदांची निमंत्रणं लवकरच यायला लागली आहेत. काल त्यातलं एक मी शेवटच्या पानापासून वाचलं. मुंबईची परिषद, मोठी, विषय पावसाचा आणि उघड्या दारा-खिडक्यांचा, आमच्या कामाचा. फोन लावला. एका मुलीनं उचलला, आवाज उत्साही होता. मी विचारलं, चहाला किती वेळ आहे? ती म्हणाली, मॅडम, दोन्ही वेळचं जेवण आहे. मी म्हणाले, जेवण राहू द्या. कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, दहा मिनिटं.

"मग आम्ही नाही येत," मी म्हणाले, आणि ढिगातलं पुढचं पत्रक उलटं धरलं.