साखरेची छप्पन्न नावं

कोणीही काहीही खायला पुढे केलं की चाचा ते आधी पालथं करायचे. बिस्किटाचा पुडा, सॉसची बाटली, रसाचा डबा, काहीही असो. एकदा वाढदिवसाच्या केकचं खोकंसुद्धा त्यांनी पालथं केलं होतं, आत केक असताना. "मागे काय म्हणतंय ते बघू," एवढंच ते म्हणायचे. पुढची बाजू त्यांनी कधी वाचल्याचं मला आठवत नाही. पुढची बाजू विकणाऱ्याची आणि मागची खाणाऱ्याची, असं त्यांचं मत होतं.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल आणि जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्याच्यापासून दोन खुर्च्या लांब बसत असाल. मी तीन खुर्च्या लांब बसायचो.

आमची कंपनी बाहेरच्या देशांतून डबाबंद खाद्यपदार्थ आणायची. गोदाम रियाधच्या दक्षिणेला. मी हिशेब पाहायचो, आणि कंपनी लहान असल्यामुळे माणसांच्या फायलीही माझ्याच कपाटात असत. गोदामाच्या टोकाला एक लांब टेबल होतं. तिथे परदेशी पुड्यांवर अरबी लेबलं चिकटवली जात. मूळ यादीत जे लिहिलंय तेच अरबीत आलंय की नाही, हे ताडून पाहण्याचं काम चाचांचं. दापोलीकडचा माणूस, शिक्षण दहावी, या टेबलावर वर्षं पंचवीस. 'साखर' हा शब्द त्यांना सात भाषांत ओळखता यायचा. त्यातल्या चार भाषांत त्यांना प्यायला पाणी मागता आलं नसतं.

साखरेशी त्यांचं वैर होतं असं मात्र कोणी समजू नये. स्वतःच्या चहात ते तीन चमचे साखर घालत. मी मोजले आहेत. एकदा मी विचारलं, जगाला उपदेश करता आणि हे काय. त्यांनी चमचा माझ्यासमोर धरला. "भाऊ, ही दिसते. मी घालतो, मी ढवळतो, मी पितो. माझं भांडण लपणाऱ्या साखरेशी आहे. केचपमध्ये हिचं काय काम? पावात काय काम? घरात पाहुणी आली तर दारातनं यावी ना."

ही लपणारी साखर त्यांनी एका शाळकरी वहीत पकडून ठेवली होती. ग्लुकोज सिरप, डेक्सट्रोज, जवाचा माल्ट, द्राक्षरसाचा अर्क, मक्याचा पाक, अशी एकाखाली एक नावं. पुढे अरबी, त्यापुढे कुठल्या मालात सापडली ते. ते म्हणत अठ्ठावन्न आहेत. मी वही तपासली, दोन नावं दोनदा आली होती. छप्पन्न भरली. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एका शुक्रवारी आम्ही त्यांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. ते आले, सलाम-नमस्कार झाला, आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले ते बाहेर येईनात. आत जाऊन पाहतो तर ओट्यावर आमचे डबे, बाटल्या, पुडे ओळीने पालथे. आमच्या सौ. हातात झारा घेऊन उभ्या. "चाचा, जेवायला आलात की धाड घालायला?" चाचा शांतपणे म्हणाले, "भाभी, हे लहान मुलांचं धान्य म्हणून आणलंय ना तुम्ही, यात धान्याखालोखाल नंबर साखरेचा आहे. यादी वजनाने लागते. जे जास्त ते आधी." मग त्यांनी विकणाऱ्यांची एक युक्ती सांगितली. साखर एकाच नावाने घातली तर यादीत वरती येते. म्हणून ती चार नावांनी थोडी थोडी घालायची. मग चौघी खाली खाली बसतात आणि वर गव्हाचं पीठ मिरवतं.

हे मला पटलं. आकडे असे वाटून लपवणं मी हिशेबात पाहिलेलं आहे. पण मी सरळ विचारलं, की ही घातलेली साखर खरोखर अपायकारक आहे का, आणि किती खाल्ली तर. चाचा म्हणाले, "ते डॉक्टरला विचारा. रोज किती जाते पोटात ते कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय सांगणार? मी डॉक्टर नाय. मी वाचणारा माणूस." साखरेऐवजी घालतात त्या कृत्रिम गोडीबद्दलही त्यांना विचारलं. तिच्याबद्दल त्यांचा निकाल लागलेला नव्हता. ती नाटकातल्या राजासारखी आहे, म्हणाले, मुकुट आहे पण राज्य कुठे आहे ते कळत नाही.

त्या दिवसापासून आमच्या मुलीने घरात जाहीर केलं, "पापा, अंकलने सब कुछ बॅन कर दिया." बॅन काहीच झालं नव्हतं. पण डबे पालथे करायची सवय आमच्या घरात शिरली, ती अजून गेलेली नाही.

मग सौदीकरणाचा नियम आमच्या टेबलापर्यंत पोचला. सरकारी प्रतवारीत कंपनी पिवळ्या पट्ट्यात होती, हिरव्यात जायचं तर काही जागा सौदी माणसांना द्यायलाच हव्यात. चाचांची जागा त्यात होती. आमचे मॅनेजर जॉर्डनचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी चाचांना बोलावून सांगितलं, की आहारशास्त्राची पदवी घेतलेली एक सौदी मुलगी येते आहे. तिला सगळं शिकवायचं. ती तयार झाली की फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी. तीन महिने पुरतील, असा त्यांचा अंदाज.

तो ऑक्टोबर होता. चाचांची मुलगी भारतीय शाळेत बारावीला. शेवटचा पेपर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. बापाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की मुलीचाही संपतो, म्हणजे जानेवारीत सामान बांधायचं आणि मुलीची बारावी अर्धवट. वर्ष जाणार. त्या संध्याकाळी चाचा माझ्या टेबलासमोर बसले. चहात साखर घालायला विसरले, यावरून मला त्यांची अवस्था कळली.

उपाय मी सुचवला, हे मी लपवत नाही. ती तयार झाली की जायचं, असं मॅनेजर म्हणाले होते ना? मग तिने सावकाश तयार व्हावं. वहीत नावं छप्पन्न. आठवड्याला दोन शिकवली तर अठ्ठावीस आठवडे. म्हणजे एप्रिलअखेर. मी कागदावर तक्ता आखून दिला, रविवारी एक नाव, मंगळवारी एक. सुट्ट्या धरल्या नव्हत्या, त्या आपल्या फायद्याच्या. चाचांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही माणूस साधा दिसता."

रविवारी ती आली. विशी ओलांडलेली, अबाया, चष्मा, हातात नवी वही. कसीमची, म्हणजे खजुराच्या मुलखातली. चाचांना पहिल्याच दिवशी "अम्मी" म्हणाली, अरबीत त्याचा अर्थ काका. चाचांनी तक्त्याप्रमाणे पहिला धडा दिला. सुक्कर म्हणजे साखर. चार वर्षं आहारशास्त्र शिकलेल्या मुलीने ते मुकाट्याने वहीत लिहून घेतलं. मंगळवारी ग्लुकोज. तेही तिने लिहून घेतलं. मी लांबून पाहत होतो. गाडी वेळेवर चालली होती.

बुधवारी घोटाळा झाला.

तिने टेबलावरचा एक बिस्किटांचा पुडा उचलला. पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, साखर घातलेली नाही. पुड्यामागच्या पोषणाच्या तक्त्यातला साखरेचा आकडाही लहान होता. ती म्हणाली, माझ्या वडिलांना मधुमेह आहे, त्यांना बिस्किटं आवडतात, यातली दोन खोकी मी नेऊ का.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पुड्यात माल्टोडेक्सट्रिन होतं, आणि माल्टोडेक्सट्रिन तक्त्यात जानेवारीत होतं.

चाचा उठले, पाणी प्यायले. परत बसले. परत उठले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आज एकच नाव सांगतो. बाकीची तुमच्या तक्त्यात राहू देत." मी मान हलवली. एका नावाने तक्ता एक दिवसही सरकत नव्हता.

ते तिच्याकडे गेले आणि पुडा पालथा केला. ती हुशार होती, तिने वाद घातला. व्याख्येप्रमाणे माल्टोडेक्सट्रिन ही साखर नाही, ते पिष्टात मोडतं, असं तिला कॉलेजात शिकवलं होतं, आणि ते बरोबरच होतं. चाचा म्हणाले, "बेटी, तुझ्या वडिलांच्या रक्ताने कॉलेज केलेलं नाही. ते याची साखर करतं, तीही घाईघाईने. आणि त्याच्यानंतर बघ, द्राक्षाचा अर्क. साखर घातलेली नाही म्हणतात, द्राक्षं पिळून आटवून घातली. यल्ला, वही काढ."

एकदा वही काढ म्हणाल्यावर मग कोण थांबतंय. दुपारच्या नमाजाला उठले तेवढेच. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची बांग झाली तेव्हा ते तिसाव्या नावावर होते. मी दोनदा खोकलो, एकदा फाइल खाली पाडली. उपयोग नाही. पंचवीस वर्षांत त्यांची ती वही कोणी मागितली नव्हती. मी पाहिली ती चुका काढायला. आणि इथे एक मुलगी भराभर लिहून घेत होती आणि प्रश्न विचारत होती. ऑफिस सुटायच्या आत उरलेली चोपन्न नावं संपली, चौघींनी खाली बसायची युक्ती संपली, कुठल्या देशाचा माल काय लपवतो तेही संपलं.

शेवटी तिने विचारलं, "यात खजूर का नाही?"

चाचा गडबडले. खजूर ते रोज सात खायचे, आणि खजुरात साखर असते हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. "खजूर तर खजूर आहे," ते म्हणाले. ती हसून म्हणाली, मी कसीमची आहे, मला विचारा. आणि खजुराचा पाक तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या वहीत सत्तावन्नावा लिहिला.

बाहेर आल्यावर चाचा गाडीजवळ उभे राहिले. "भाऊ, मी काय केलं?" मी सांगितलं, अठ्ठावीस आठवडे चार दिवसांत केले. ते म्हणाले, "तिच्या बापाला काय चारू देणार होतो मी, तक्ता?"

घरी आपल्या मुलीला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. ती अभ्यास करत राहिली. ते तिला रात्री चहा करून द्यायचे आणि माझ्याकडे रोज एकदा विचारायचे, मॅनेजर काही बोलले का.

मॅनेजर जानेवारीत बोलले. आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मी त्या मुलीला विचारलं, तयार झालीस का. तर ती म्हणते, अजून पुष्कळ बाकी आहे. काका वयस्कर आहेत, फार हळू शिकवतात, एप्रिलपर्यंत तरी लागेल.

मला क्षणात सगळं समजलं. चाचांच्या मुलीची परीक्षा तिला कोणी सांगितली, ते मी कधी विचारलं नाही. टेबलावर सगळ्यांचं सगळ्यांना कळतं. मी चाचांकडे पाहिलं, की चला, सुटलो. चाचांचा चेहरा लाल झाला होता.

"हळू?" ते मराठीत म्हणाले. "मी हळू शिकवतो?"

मी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"पाय काढा. एका दिवसात चोपन्न शिकवली मी. बोलवा तिला, उभ्या उभ्या म्हणून दाखवेल. हळू म्हणजे काय?"

मॅनेजरांनी मला विचारलं, काय म्हणताहेत. आयुष्यात मी एकही चुकीचा आकडा जाणूनबुजून लिहिलेला नाही. मी म्हणालो, त्यांना वाईट वाटतंय, सर. यापुढे जरा भरभर शिकवायचा प्रयत्न करतो म्हणताहेत.

मॅनेजर दयाळूपणे म्हणाले, घाई नको. नीट शिकवा. एप्रिलपर्यंत चालेल.

चाचा तीन दिवस त्या मुलीशी तुटक वागले. चौथ्या दिवशी ती त्यांच्यासाठी घरून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन आली. वडिलांनी पाठवलाय म्हणाली, बिस्किटं सुटली त्यांची. गहव्यात साखर नसते. चाचांनी तीन कप घेतले, आणि पुढचे तीन महिने त्या टेबलावर शिकणारं कोण आणि शिकवणारं कोण, हे मला नीट सांगता येणार नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चाचांच्या मुलीचा शेवटचा पेपर झाला. त्याच महिन्यातल्या एका गुरुवारी रात्रीचं त्यांचं विमान होतं. दुपारी मी कार्यभार सोपवल्याचा फॉर्म पुढे ठेवला. त्यात एक रकाना होता, प्रशिक्षण पूर्ण झाल्याची तारीख. मी सांगितलं, आजची घाला.

चाचांनी पेन उचलला, तो तसाच धरून ठेवला. मग ऑक्टोबरमधल्या त्या बुधवारची तारीख घातली आणि सही केली.

मी म्हणालो, चाचा, हे काय.

"पंचवीस वर्षं या टेबलावर बसलो, भाऊ. कागदावर आहे तेच आत पाहिजे."

त्या सौदी मुलीने तारीख पाहिली. चष्मा वर सरकवला, ओठ घट्ट मिटून हसू आवरलं आणि खाली आपली सही केली. आता तो फॉर्म मॅनेजरांकडे त्याच दिवशी जायला हवा होता. तसा नियमच आहे, आणि बाकी सगळ्यांचे फॉर्म मी त्याच दिवशी दिलेले आहेत. तो मी कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि चाचांना विमानतळावर सोडायला गेलो.

फॉर्म मी रविवारी दिला. तीन दिवसांचा उशीर झाला. त्यातले दोन सुट्टीचे होते.