नळापर्यंतच्या अकरा खोल्या

बाबांना लढाईत शौर्यपदक मिळालं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला कळायला लागलं तेव्हा ते परळच्या एका गिरणीच्या गेटवर पहाऱ्याला होते आणि पदक आईच्या ट्रंकेत लुगड्यांखाली होतं.

सातव्या वर्षी तापात माझा डावा पाय लुळा पडला. पुढची दोन वर्षं बाबांनी मला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवलं. मग इस्पितळातून मांडीपर्यंतच्या लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला. तो मांडीला काचायचा, म्हणून मी तो कॉटखाली ढकलून द्यायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लालबागेत गोळीबार झाला, संचारबंदी लागली. गिरणी बंद, शाळा बंद. दुसऱ्याच सकाळी बाबांनी बूट बाहेर काढला.

"शाळा उघडेल तेव्हा तू आपल्या पायांनी जायचंस."

आमच्या खोलीपासून चाळीच्या नळापर्यंत गॅलरीत अकरा खोल्या होत्या. पहिल्या दिवशी मी दोन खोल्या ओलांडल्या आणि कोसळले. आई बाहेर आली. "पोर आसा ता तुमचा, पलटणीतलो शिपाय न्हय!" बाबांनी मला उठवून पुन्हा उभं केलं.

चौथ्या दिवशी मी चौथ्या खोलीपाशी फतकल मारली. "मला नाही चालायचं. तुम्हाला काय कळतंय?"

बाबा शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी विजारीचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर घेतला. पोटरीच्या जागी नुसता खड्डा होता, वर आवळलेली कातडी. ते घरात कधीच आखूड कपडे का घालत नसत, हे मला तेव्हा उमगलं.

"लष्करी इस्पितळात साहेब खाटेपाशी येऊन पदक लावून गेले," ते म्हणाले. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला मुतारीपर्यंत जाता येत नव्हतं. दोघं धरून न्यायचे. लाज वाटायची."

"मग?"

"मग खाटा मोजायला लागलो. आज एक, उद्या दोन. रडायचो पण."

बाबा रडायचे? मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा खांदा धरून उठले आणि पाचव्या खोलीपर्यंत गेले.

शेजाऱ्यांनी गॅलरीतल्या बादल्या, चपला आत घेतल्या. संचारबंदी उठली तसे चळवळीचे कार्यकर्ते आले, मोर्च्यात पदक लावून पुढे चला म्हणाले. "येतो," बाबा म्हणाले, "हिची फेरी होऊ द्या." बाबा मोर्च्याला गेले, दुपारी घामाघूम परतले आणि संध्याकाळी पुन्हा मला घेऊन गॅलरीत उभे राहिले. नळाला हात लावला त्या दिवशी मांडी सोलून निघाली होती. आई तिला खोबरेल लावत रडत होती, मी मात्र हसत होते.

शाळा उघडली. दहा मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. बाबा दोन पावलं मागे होते, हात न लावता. पोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती.

"उशीर झाला," बाई म्हणाल्या.

"होय बाई," बाबा म्हणाले. "उद्यापासून आम्ही लवकर निघू."