पंखा थांबला का?

ती दुपार आठवली की अजूनही मला खुर्चीत नीट बसवत नाही. निवृत्त होऊन खेरडीत आंब्याची कलमं सांभाळतोय, पण कुणी विषय काढला की कलमं राहतात बाजूला. बायको म्हणते, "झालं, आता दोनदा चहा टाकावा लागणार." टाकावा लागला तर लागू दे. नावं मात्र कुणाची घेणार नाही. त्या दोघी बहिणी आज सुखात आहेत, तसंच राहू दे.

नोकरीचे शेवटचे दिवस होते. पोलीस ठाण्याची धावपळ काढून घेऊन मला सिल्वासाच्या पोलीस कंट्रोल रूमला बसवलं होतं. बसवलं म्हणजे खरोखरच बसवलं. थंडगार खोली, कानाला हेडफोन लावलेले शिपाई आणि दिवसभर तेच ते फोन. कंपनीच्या गेटवर मारामारी, नवरा पिऊन आलाय, शेजारी डीजे बंद करत नाही. काहीजण तर नुसती गंमत म्हणून नंबर फिरवतात आणि आम्ही बोललो की हसतात. माझ्यासारख्या आयुष्यभर जीप पळवलेल्या माणसाला तिथं जीव नकोसा व्हायचा.

आपत्कालीन नंबरवर मेसेज पाठवूनही मदत मागता येते, हे तेव्हा फार कुणाला ठाऊक नव्हतं. क्वचित एखादा मेसेज आलाच तर आमची पद्धत ठरलेली होती. त्या नंबरवर उलट फोन लावायचा, पत्ता विचारायचा आणि गाडी पाठवायची. अंगवळणी पडलेलं काम, त्यात डोकं वापरायची वेळ येत नसे.

जेवणं उरकून खोली जरा सुस्तावली होती. माझ्या शेजारच्या ऑपरेटर शिपायाच्या स्क्रीनवर एक मेसेज आला. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. त्यानं पहिली ओळ वाचली आणि सवयीनं फोन लावायला घेतला. मी सहज मान वाकडी करून उरलेलं वाचलं आणि त्याचा हात गच्च धरला.

मेसेज असा होता: "पोलीस मदत करा. बोलता येत नाही, तो इथेच झोपलाय. हा फोन त्याचाच आहे. फोन करू नका. मला आणि बहिणीला कोंडलंय. संध्याकाळी गाडी येणार. बहिणीला एकटीला नेणार. नरोली."

शिपायाचं बोट कॉलच्या बटणाला टेकलेलं होतं. ती रिंग वाजली असती तर पुढचं काही मला इथं सांगता आलं नसतं. मी ओरडलो, "कुणी या नंबरला फोन लावायचा नाही. ज्यानं लावला त्याची गाठ माझ्याशी आहे."

आता करायचं काय? उत्तर लिहावं तर मेसेजचा आवाज होणार. न लिहावं तर तिला वाटणार, कुणी वाचलंच नाही. आम्ही सगळे त्या स्क्रीनभोवती उभे. अशा वेळी गप्प राहणं फार कठीण, निदान माझ्या स्वभावाच्या माणसाला. तेवढ्यात दुसरा मेसेज आला: "आवाज बंद केलाय. तुम्ही लिहा."

मी मनात म्हटलं, शाबास पोरी.

कंट्रोलच्या मोबाइलवर मी स्वतः टाइप करायला बसलो. माझी बोटं जाडजूड, एका अक्षराला दोन अक्षरं दाबली जायची. शेवटी आमच्या महिला हवालदारांनी फोन काढून घेतला. "साहेब, तुम्ही बोला, मी लिहिते. नाहीतर संध्याकाळ होईल." बाई तशा तोंडाच्या फटकळ, पण नरोलीच्या गल्ल्या त्यांना पाठ होत्या. आम्ही लिहिलं, "ताई, आम्ही पोलीस आहोत. तुमचं वाचलं. आजूबाजूला काय दिसतं?"

जी माहिती आली ती तुकड्यातुकड्यानं. दोघी बहिणी नंदुरबारकडच्या. कंपनीत पॅकिंगचं काम लावतो सांगून एका मुकादमानं आणलं होतं. कंपनी काही दिसली नाही, दिसली ती बंद खोली. धाकटी अजून शाळेच्या वयाची. मुकादमाचा फोन मोरीजवळ चार्जिंगला लावलेला होता, आणि तो उघडायला बोट कसं फिरवतो ते मोठीनं बघून ठेवलं होतं. खोलीला निळा रंग, वर पत्रा, खिडकीला बाहेरून फळी.

आता नरोलीत निळ्या रंगाच्या, पत्र्याच्या खोल्या म्हणजे किती? कारखाने आले तशा शेतांत चाळी उठल्या. खानदेशचे, बिहारचे, ओडिशाचे लोक भाड्यानं राहतात. मोबाइल टॉवर सांगत होता तो सगळा त्याच वस्तीचा पट्टा. घरोघर झडती सुरू केली असती तर पहिल्या शिट्टीला मुकादम सावध झाला असता. शिवाय नरोलीची हद्द ओलांडली की पलीकडे भिलाड, तिथून हायवे. गाडी एकदा त्या रस्त्याला लागली की धाकटीला शोधायचं कुठं?

बाईंनी आपल्या मनानंच विचारलं, "ताई, वास कसला येतो?"

उत्तर आलं, "तळणाचा. सकाळपासून."

बाई ताडकन उठल्या. "साहेब, फरसाणवाल्याच्या मागची चाळ. दुसरी असूच शकत नाही. चला."

मी टोपी टेबलावर ठेवली, वरून एकाचा साधा शर्ट चढवला आणि निघालो. बाईंनी ओढणी घेतली. खाजगी गाडीत आम्ही चौघं. खोटं कशाला सांगू, पोरीच्या जिवाची काळजी होतीच, पण कितीतरी दिवसांनी माझ्या अंगात वीज खेळत होती.

चाळीच्या तोंडाशी मालकाचं किराणा दुकान. मालक इथलाच, जमिनीवर चाळ बांधून शेठ झालेला. मी त्याला आतल्या बाजूला घेतलं आणि ओळख दिली. त्याचा चेहराच उतरला.

"साहेब, आपली चाळ एकदम साफ. बधा, सगळे सीधे लोक. कोई लफडा नाही."

"मी लफडं विचारलं का?"

"नाही, पण भाडूत नोंदणी बाकी आहे थोड्यांची. उद्या करून देतो ना."

"ती उद्या बघू. नवा मुकादम कुठल्या खोलीत आहे?"

"मला काय माहीत, साहेब. एक जण खोली घेतो, दुसरा झोपतो, तिसरा भाडं देतो. मी तोंड बघत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. घाबरलेला आणि गुन्हेगार यांत फरक असतो. घाबरलेला माणूस भलत्याच गोष्टीची कबुली देतो. मी जरा आवाज चढवून म्हटलं, "चाळ तुझी, आणि आत काय चालतं ते तुला कळत नाही?"

शेठला ते लागलं. भिंतीवरच्या बोर्डाकडे हात करून म्हणाला, "कळत कसं नाही? कोणी हीटर लावला की इथं समजतं. मग मी इथूनच त्याची लाइन पाडतो. एक बटण, एक रांग. बधा पंखे बंद. मग बरोबर बाहेर येतात."

मी त्या बोर्डाकडे बघतच राहिलो. चार रांगांची चार बटणं. मी बाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांच्याही ध्यानात आलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, पंखा थांबला की तो उठेल."

"उठू दे. लाइट गेली की माणूस शिव्या घालतो, संशय घेत नाही."

आम्ही लिहिलं, "ताई, लाइट घालवून खोली शोधतोय. पंखा थांबला की हो लिहा आणि फोन जागेवर ठेवा." उत्तर आलं, "ठेवते."

पहिलं बटण पाडलं. बाईंनी लिहिलं, "पंखा थांबला का?" उत्तर आलं, "चालू." बटण वर. दुसरं पाडलं. "चालू." दुसऱ्या रांगेतून कुणीतरी शेठच्या खानदानाचा उद्धार केला. शेठ बिचारा घाम पुसत उभा. तिसरं पाडलं.

"हो. तो उठला."

त्यानंतर काही नाही. बाई फोनकडे बघत होत्या, मी रांगेकडे.

रात्रपाळी करून आलेला माणूस भर उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपलेला असतो. पंखा थांबला की तो काही पडून राहत नाही. धडाधड दारं उघडली. बनियनवर, लुंगीवर, एकजण टॉवेलवर, सगळे डोळे चोळत दारात. "ओ शेठ, लाइट." "शेठ, ड्यूटी करून आलोय, मारता काय?" "अरे यार, अभी तो सोया था." चाळीचा हा नेमच होता. ज्यांना बाहेरून कुलूप होतं ते दिवसपाळीला गेलेले. ज्यांना कुलूप नव्हतं ते सगळे बाहेर येऊन भांडत होते.

एक दार सोडून. कुलूप नाही, आणि तरी बंद. त्या उकाड्यात आतून कुणी ब्र काढत नव्हतं. चाळीत राहणारा माणूस असं करूच शकत नाही. तो मुकादम चाळीत लपायला आला होता, राहायला नव्हे, आणि तिथंच फसला.

लाइन पाडल्यावर शेठ दर वेळी खोल्या तपासत फिरतो, हेही सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, "चल, रोजच्यासारखा फिर. मी तुझा वायरमन." दुकानातला टेस्टर हातात घेतला. पहिल्या दारात शेठ नुसता पुटपुटला. दुसऱ्या दारातल्या भाडेकरूनं त्याला उलट उत्तर दिलं आणि मग शेठला खरोखरच राग आला. पुढं तो इतका मोकळा सुटला की मलाच त्याला आवरावंसं वाटलं. बंद दारावर थाप मारून तो गरजला, "कोण हीटर लावतो? खोल."

दार बोटभर किलकिलं झालं. "इथं हीटर नाही. जा."

"वायरमन बघून जाईल ना, भाई."

दार परत लागायच्या आत मी खांदा घातला. वय झालं होतं, पण खांदा पोलिसाचाच होता. मुकादम मागं आपटला आणि आमच्या दोघा शिपायांनी त्याला खाली दाबला. बाई माझ्या हाताखालून केव्हा आत शिरल्या ते मला कळलंही नाही. मोरीच्या पडद्याआड दोघी बहिणी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. बाईंनी जी हाताला लागली तिला आधी उचलली आणि बाहेर आणली. ती धाकटी होती.

मोठी मागून आली. माझ्याकडे बघून तिनं तोंड उघडलं, पण आवाजच येईना. मी म्हटलं, "राहू दे पोरी, घाई नाही." आणि मला फार आनंद झाला. इतका, की मी शेठलाच मिठी मारली.

काम अजून संपलं नव्हतं. मुकादमाचा फोन चमकला. मेसेज होता, "भिलाड सोडलं. तयार ठेव." मुकादम म्हणाला, "माझा काही संबंध नाही." मी त्याला फक्त एवढंच विचारलं, "पाणी पाहिजे का?" तर म्हणतो, "मी कोंडलं नव्हतं, साहेब, पोरी नवख्या, हरवू नयेत म्हणून कडी लावली." न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं की पोलिसाचं अर्धं काम झालेलं असतं.

पण त्या गाडीवाल्याला उत्तर काय द्यायचं? मुकादम ज्या पद्धतीनं लिहितो त्याहून वेगळं गेलं तर गाडी माघारी वळणार. तेव्हा मोठीचा आवाज पहिल्यांदा ऐकला. घोगरा. "तो नुसतं 'हा' लिहितो. बाकी काही नाही." आम्ही 'हा' पाठवलं. गाडी सरळ चाळीच्या तोंडाशी आली, ड्रायव्हरनं शेठकडे गुटखा मागितला आणि शेठनं त्याला आमच्याकडे बोट दाखवलं. ड्रायव्हर आणि मुकादमाच्या जबानीवरून पुढं आणखी माणसं हाती लागली.

रात्री ठाण्यात पंचनामा करताना बाई त्या फोनवरचे मेसेज एकेक करून उतरवून घेत होत्या. मध्येच थांबल्या आणि फोन माझ्यापुढं धरला. एक मेसेज लिहून तसाच राहिला होता, पाठवायला वेळ मिळाला नव्हता. पंखा थांबला, तो उठून बसला, त्या क्षणीचा. "दार उघडलं की आधी धाकटीला घ्या. माझं राहिलं तरी" एवढंच. पुढं वाक्य नव्हतं. मी बाहेर जाऊन उगाच जीपचे टायर बघत उभा राहिलो.

सगळी नोकरी मी आरडाओरडा ऐकून धावलो. जो जास्त ओरडेल त्याच्याकडे आधी गाडी. त्या दिवशी मला कळलं, की ज्याचा गळा दाबलेला असतो तो ओरडू शकत नाही, आणि त्याला उत्तर देण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं. दुसऱ्याच दिवशी मी कंट्रोल रूममध्ये फर्मान काढलं, मेसेज शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कुणी फोनला हात लावायचा नाही. मी गेल्यावरही ते पाळतात, असं ऐकतो.

मोठी आता तिच्या गावाकडे अंगणवाडीत काम करते. धाकटी कॉलेजात जाते. सणासुदीला मला त्या पोरींशी बोलावंसं वाटतं. पण मोठीचा नंबर समोर आला की माझं बोट अजूनही कॉलच्या बटणावर अडतं. मी आधी लिहून विचारतो, "ताई, फोन करू का?"

दर वेळी तिचं तेच उत्तर येतं. "करा ना, साहेब. आता बोलता येतं."