इथे पळतं, तिथे अडतं

काहीही बिघडलं की काका आधी समोरच्या लॅपटॉपवर तळवा ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा. मग म्हणायचे, "बघूया, काय म्हणता ता." सर्व्हर भलतीकडे असला तरी हात इथेच. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्या परळच्या ऑफिसात हे होते, सगळ्यांचे काका. राहायला लालबागला, बोलण्यात मालवणी डोकवायची.

जवळच्याच एका इस्पितळाचं नोंदणीचं सॉफ्टवेअर आमचं. वर्षानुवर्षं ते विंडोजवर बिनतक्रार चाललं. मग वरून ठरलं, लायनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमवर न्यायचं. प्रोग्रॅम तोच, मेमरी तेवढीच, तरी गर्दीच्या वेळी एकेक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. आमच्या चाचण्यांत मात्र दोन्हीकडे सुसाट. त्या चाचण्या मीच करायचे, म्हणून काकांच्या शेजारी बसलेली असायचे.

काका एका वेळी एकच गोष्ट बदलायचे. आज मेमरीची सेटिंग, उद्या डेटाबेसची जोडणी. बदललं की खुर्चीत रेलून वाट पाहायची. सकाळी पळायचं, ओपीडी भरली की पुन्हा अडायचं. "कळला नाय गो," एवढंच म्हणायचे. मॅनेजर रोज विचारायचे, कधी होईल. काहीतरी तारीख ठोकून द्यायचं काकांना जमत नव्हतं.

त्याच दिवसांत काकूंची केमो त्याच इस्पितळात सुरू झाली. एकदा मी सोबत गेले. रांग जिन्यापर्यंत. खिडकीतली मुलगी प्रत्येकाला सांगत होती, सर्व्हर स्लो आहे. काकू डोक्याला स्कार्फ बांधून भिंतीला टेकल्या होत्या. मी हळूच सुचवलं, ओळख सांगून पुढे जाऊ या. काका रांगेतच थांबले.

रांगेतल्या मागच्या बाई वैतागून म्हणाल्या, "ही कॉम्प्युटरवाली माणसं एकदा इथे आणून उभी करायला हवीत."

काका वळले. "मी त्यातलाच, ताई. रोज बघतोय. सापडत नाही."

बाईंनी शेजारच्या बाकावरची आपली पिशवी उचलली आणि काकूंना तिथे बसवलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीने सगळं जुन्या विंडोजवर परत नेलं. रांग हलू लागली. ऑफिसात हायसं वाटलं, कुणीतरी समोसे मागवले. काका मात्र लायनक्सचे लॉग, म्हणजे सर्व्हरने टिपून ठेवलेल्या नोंदी, वाचत बसले होते. आता कशाला, मी विचारलं.

"रांग गेली गो," ते म्हणाले, "पण कशाक लागली होती, ता खंय कळला?"

मग काकूंसाठी त्यांनी रजा घेतली. ती वाढत गेली, आणि एक दिवस राजीनामाच आला.

त्यानंतर एकदाच भेटले, इस्पितळाच्या फाटकाशी, हातात थर्मास. मी काकूंचं विचारलं. आहे तसंच, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, त्या लायनक्सच्या सर्व्हरचं पुढे काही कळलं का. तो तर केव्हाच बंद करून टाकला होता. "नाही कळलं," मी म्हटलं.

त्यांनी थर्मास दुसऱ्या हातात घेतला आणि ते आत गेले.